कोरा रकाना

मोहफुलं वेचायला आम्ही पहाटेच निघतो. आता बायको माझ्या पुढे चालते. पाचोळ्यातली खसफस, भेकराचं ओरडणं, वानरांचा इशारा, यातलं मला काहीच नीट ऐकू येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ज्याला हे ऐकू येत नाही त्याने एकट्याने जाऊ नये. तिने मागे हात केला की मी थांबतो.

मी तोफखान्यात 17 वर्षं काढली. नाशिक रोडला ट्रेनिंग, मग सीमेवरच्या तोफा. तोफ सुटते तेव्हा आवाज आधी छातीत बसतो, मग कानात शीळ वाजत राहते. सुरुवातीला ती शीळ सकाळपर्यंत जायची. पुढे जाईनाशी झाली. 2013 साली महाशिवरात्रीला सुट्टीवर आलो होतो. आमच्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथल्या जत्रेला माणूस मावत नाही. त्या गर्दीत थोरला भाऊ माझ्याशी बोलत होता. त्याचे ओठ दिसत होते, शब्द पोचत नव्हते.

2015 ला निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने दोन्ही कानांचं मिळून 20 टक्के अपंगत्व लिहिलं, आजन्म. अपंगत्व पेन्शनला किमान 20 टक्केच लागतात, म्हणून मी निर्धास्त होतो. पण खाली शेरा होता: सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेत वाढलेलंही नाही. त्या शेऱ्याने सगळं गेलं. सेवेची पेन्शन सुरू झाली, अपंगत्वाचा दावा फेटाळला. पहिलं अपील केलं, मग दुसरं. दोन्ही वेळा तीच चार वाक्यं परत आली. मला पैशापेक्षा तो शेरा लागला. तोफेपाशी उभा राहिलो होतो मी, आणि कागद म्हणत होता की कान घरूनच खराब आणले.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका जुन्या सुभेदार साहेबांनी वाट दाखवली. ते म्हणाले, "अर्जात रडू नको, कागद माग." माहिती अधिकारात माझे सगळे वैद्यकीय कागद मागवले. भरतीच्या तपासणीचा पिवळा पडलेला फॉर्म आला. त्यात कानाच्या आजाराचा रकाना कोरा होता. मी तो किती वेळ पाहत बसलो असेन! सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं सैन्यावर, जवानावर नाही. दुसरा पुरावा श्रवणचाचणीच्या आलेखात होता. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. माझी रेघ 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात पडून पुन्हा वर येत होती. वयाने कान गेला तर रेघ उतरतच जाते, आवाजाने गेला तर बहुधा असा खड्डा पडतो. हे डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवलं.

2019 ला मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अर्ज केला. नागपूरहून सेवाग्राम एक्स्प्रेस, वकील साहेबांच्या फाईलमध्ये माझा कोरा रकाना. निकाल 2021 ला लागला. अपंगत्व सेवेमुळेच. राम अवतार प्रकरणाच्या 2014 च्या निर्णयाप्रमाणे 50 च्या आतलं अपंगत्व 50 टक्के धरतात, त्यामुळे माझे 20 चे 50 झाले. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळाली. उशिरामुळे त्याआधीचं बुडालं, म्हणून माझ्या गावाकडच्या पोरांना मी हे आधी सांगतो.

कागद तपासताना आणखी एक चूक निघाली. बायकोचं नाव माझ्या नोंदीत माहेरचं होतं, आधारवर सासरचं. मी गेल्यावर तिची कुटुंब पेन्शन तिथेच अडली असती. शपथपत्र, लग्नाचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, असं सगळं करून नाव दुरुस्तीची नोंद, म्हणजे पार्ट टू ऑर्डर, निघायला सात महिने गेले. या सात महिन्यांत मी जितका घाबरलो तितका निकालाच्या वेळीही नव्हतो.

पेन्शनचा नवा आदेश, पीपीओ, आला तेव्हा ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. हात पुसून तिने कागद घेतला आणि नावाखाली बोट फिरवत वाचू लागली. मला ऐकू यावं म्हणून माझ्या उजव्या बाजूला येऊन, मोठ्याने.