कॅबिनेटची पुढची बाजू

मदरबोर्डवरच्या फ्रंट पॅनलच्या पिना आता मला चष्म्यातूनही नीट दिसत नाहीत. आतलं वायरिंग दुकानातल्या पोराकडे गेलं आणि माझ्याकडे कॅबिनेटचं बाहेरचं अंग उरलं. तेव्हापासून त्याच्या पुढच्या जाळीनं माझी झोप उडवली आहे.

लोणी-धामणीचा हा पट्टा आंबेगावच्या पूर्वेचा, कमी पावसाचा. उन्हाळ्यात वारा सुटला की धूळ थेट घरात, आणि कांदा काढणीच्या दिवसांत तिच्या जोडीला कांद्याचे पापुद्रे. आडतीच्या टेबलाखाली ठेवलेल्या मशीनच्या हीटसिंकवर एकाच उन्हाळ्यात धुळीचा नमदा बसतो.

मागचा पंखा हवा बाहेर फेकतो. पुढून तेवढी हवा मिळाली नाही, की ती डीव्हीडीच्या फटीतून, यूएसबीच्या पोर्टमधून, पत्र्याच्या सांध्यातून शिरते आणि जाता जाता धूळ तिथेच सोडते. म्हणून पुढे 120 मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे एकच. आतला दाब जरा वरचढ राहिला की फटींतून हवा बाहेर पडते, धूळ जाळीवर अडते. इथवर सोपं आहे. पण जाळी बारीक घेतली तर ती बुजते, पंखे नुसते घोंगावतात आणि हवा पुन्हा फटी शोधते. मोठ्या छिद्रांची घेतली तर बारीक धूळ सरळ आत. मच्छरदाणीचं कापडही लावून पाहिलं. खरी अडचण कापडाची नाहीच. जाळी धुणार कोण? स्क्रू काढावा लागला तर कुणी धूत नाही. खालून सरकणारी असली तर कॅबिनेट उचलावं लागतं, म्हणून तीही तशीच राहते. समोरून, एका हातानं, मशीन चालू असताना निघाली, तरच मुनीम ती नळाखाली धरतो. स्वस्तात असं कॅबिनेट मिळत नाही. मग मी पुढचं प्लास्टिक कापून चुंबकाच्या पट्टीवर जाळी बसवतो.

1995 मध्ये इंटेलनं एटीएक्सचा आराखडा आणला, तेव्हा पुढच्या बाजूवर फ्लॉपी-सीडीची दाटी होती; हवेला जागा नव्हती हे समजू शकतं. आज ते दोन्ही गेले, सगळी बाजू मोकळी झाली. आणि तिथे लावलं काय, तर काच! हवेसाठी कडेला बोटभर फट. मंचर-नारायणगावकडे गिऱ्हाईक हेच मागतं, कारण त्याला आतले रंगीत दिवे हवे असतात. मला हा धंद्याचा ऱ्हास वाटतो.

या रागात असूया आहे, हेही खरं. मी प्रत्येक वायर मदरबोर्डाच्या मागून काढून, कोन राखून बांधायचो, आणि पत्रा लावताना वाटायचं, हे कुणीतरी पाहावं. कुणी पाहिलं नाही. आता काचेतून लोक पोराच्या वायरिंगचे फोटो काढतात, आणि माझा हात त्याच्याहून रेखीव होता असं मी मनातल्या मनात म्हणत राहतो.

बाजूला काच त्याची, समोर जाळी माझी, एवढं आमचं जमलं आहे. परवा तो म्हणाला, "नाना, जाळीमागच्या पंख्यांना तरी दिवे लावू?" मी हो म्हटलं. जाळी बुजत गेली की उजेड मंदावेल आणि धुवायची वेळ झाली हे मुनिमाला आपोआप कळेल. किती बुजल्यावर तो मंदावतो, हे मात्र या उन्हाळ्यात आडतीवरच ठेवून पाहावं लागेल.