अधांतरी पाय

छायाचित्रांत तू कायम हवेत आहेस, ओट्टो लिलिएन्थाल.

उतरलाच नाहीस.

विलोच्या लवचिक काठ्या. त्यांवर ताणलेलं सुती कापड, आणि कापडातून झिरपणारा उजेड. पंखांचा पसारा ६.७ मीटर, वजन २० किलोच्या आसपास. हात कोपरापर्यंत चौकटीत गुंतलेले. छातीखालचा सगळा देह मोकळा, उघड्या हवेत.

नजर अडते ती पायांवर. बूट घातलेले पाय. गुडघ्यात जरासे वाकलेले, कशालाच न टेकलेले. विहिरीच्या काठावर बसून पोरं पाय सोडतात ना, तसे.

तेच तुझं सुकाणू. वाऱ्यानं डावा पंख उचलला की पाय डावीकडे झोकायचे, उजवा उचलला की उजवीकडे. दुसरं काही नव्हतंच. इंजिन नाही, घरघर नाही. कापडाची फडफड, आणि वारा.

आंक्लामच्या कुरणांत करकोच्यांच्या मागे मागे हिंडणारी दोन भावंडं, तू आणि गुस्ताव, शाळेतली पोरं हसतील म्हणून चांदण्या रात्री लपूनछपून हातांना पंख बांधून धावणारी. मग वर्षांमागून वर्षं पाखरांच्या पंखांचा बाक मोजत राहिलेला तू, ते सगळं मोजमाप १८८९ साली एका पुस्तकात मांडून ठेवणारा. १८९१ मध्ये डेर्विट्झच्या उतारावरून २५ मीटर तरंगलेला. वारा कुठूनही येवो, त्याला सामोरं धावता यावं म्हणून १८९४ मध्ये बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला चारी बाजूंनी उतरती, १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेणारा. आणि मग रिनोच्या टेकड्यांवरून २५० मीटर, गवतावरून, बघ्यांच्या वर वळलेल्या चेहऱ्यांवरून, आपल्याच सावलीच्या पाठोपाठ जाणारा, जाणारा, जाणारा तू.

दोन हजारांहून अधिक उड्डाणं. सगळी एकाला एक जोडली तर तास भरतात पाचच, असं म्हणतात.

पाच तास. एवढंच तुझ्या वाट्याचं आकाश.

९ ऑगस्ट १८९६. रविवार. श्टोल्नजवळची गोलेनबेर्ग टेकडी. तू पडलास, १५ मीटर उंचीवरून.

का, कसं, ते राहू दे.

ऑगस्ट म्हणजे करकोच्यांचे निघायचे दिवस. ते दक्षिणेकडे जातात. तुला बर्लिनला नेलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास, ४८ वर्षांचा.

समुद्रापलीकडे, ओहायोत, दोन भावांनी ती बातमी वाचली. सात वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकच्या वाळूवर त्यांतला धाकटा १२ सेकंद हवेत राहिला. पोटावर पालथा. पाय मागे लांबवलेले.

मग खुर्ची आली. मग काच. मग बंद दार. पाय आत गेले ते गेलेच.

लिख्टरफेल्डची तुझी टेकडी आहे अजून. माथ्यावरची ती खोपटी नाही, जिच्यात तू पंख ठेवायचास. आता तिथं खांबांवर पेललेलं गोल छत आहे, मधोमध उघडं; त्या उघड्या वर्तुळातून ऊन खाली येतं आणि एका पृथ्वीगोलावर पडतं. धावत सुटायला मात्र कुणी येत नाही. वारा चढतो टेकडी. उतरतो. रिकाम्या हातानं.

आणि श्टोल्नला, जिथं तू पडलास त्याच टेकडीच्या पायथ्याशी, एक अवाढव्य विमान उभं आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात वैमानिकानं ते गवताच्या आखूड पट्टीवर उतरवलं, ते पुन्हा न उडण्यासाठी. नाव ठेवलं तुझ्या बायकोचं, आग्नेसचं. खिडक्यांच्या रांगा, खुर्च्यांच्या रांगा. माणसं शिडीनं चढतात, आत फिरतात, उतरतात. तुला त्यात कुठं बसवावं, सुचत नाही. तुझे पाय कुठं सोडायचे तिथं?

आम्ही आता दहा किलोमीटर उंचीवरून जातो, ओट्टो. पट्टा बांधून, पडदा ओढून, झोपून. खालून अख्खे देश सरकतात आणि तळव्यांना पत्ता नसतो. तुझ्या तळव्यांना होता. जमीन किती खाली राहिली, ते तुला पायांत कळत होतं. भीती आणि उडणं एकाच शिरेतून वाहत होतं.

ते संपलं. संपायलाच हवं होतं. एरवी समुद्र ओलांडून कुणी आपल्या माणसांपर्यंत पोचलं नसतं. तुझ्या मरणाचा शोक तर जगानं केव्हाच करून टाकला, दगडात कोरूनही ठेवला. त्या लोंबत्या पायांचा तेवढा राहून गेला. तो कुणीतरी करायचा होता, म्हणून हे.