ओळख आणि मुभा

पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये गाडीचे एकच स्थानक लागते, उमरोळी. आमच्या एक सहकारी सकाळी पालघरला शिकवतात आणि दुपारी बोईसरला. दोन्हीकडे तासिका तत्त्वावर. दोन्ही महाविद्यालयांचे प्रवेश, शुल्क, गुण एकाच पुरवठादाराच्या संगणकप्रणालीवर असल्याने त्यांना एकच पासवर्ड पुरतो. या सोयीचे आम्हांला कौतुकच होते.

गेल्या वर्षी शुल्कसवलतीची यादी काढताना मात्र आमच्या पडद्यावर परक्या महाविद्यालयाची मुले उतरली. नावे, जात, पालकांचे उत्पन्न. तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या कुणा बापाची मिळकत वाचण्याचा आम्हांला काय अधिकार? खिडकी लगेच बंद केली, तरी दोन-चार ओळी वाचून झाल्या होत्याच.

चौकशीअंती कळले ते असे. सगळ्या महाविद्यालयांच्या नोंदी एकाच कोष्टकात. प्रत्येक ओळीत संस्थेचा क्रमांक. माहिती मागवताना दर वेळी 'याच क्रमांकाच्या ओळी' अशी अट घालायची. त्या एका अहवालात ती घालायची राहिली. 'ओळख पटली' आणि 'मुभा मिळाली' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे खरे तर आम्हां भाषेच्या मास्तरांना आधी सुचायला हवे होते.

आम्ही मागणी केली: लॉगिनचा सर्व्हर सामाईक राहू द्या, पण डेटाबेस महाविद्यालयागणिक वेगळा करा. त्याला जोडणारे खातेही वेगळे असावे आणि त्या खात्याला शेजारच्या डेटाबेसची परवानगीच नसावी. मग अट विसरली तरी घरातलेच घरात सांडेल. पुरवठादाराची कुरकुर अगदीच खोटी नव्हती. रचनेतला प्रत्येक बदल आता प्रत्येक डेटाबेसवर करावा लागणार. पण एखाद्या महाविद्यालयाची माहिती बिघडली, तर तेवढीच बॅकअपमधून परत आणता येते, हा लाभ त्यांनाच होता. शिवाय 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम बाहेर दिले म्हणून संस्थेची जबाबदारी सुटत नाही. हे वाचल्यावर आमचे प्राचार्यही आमच्या बाजूला आले. आधार प्राधिकरणानेही 2018 मध्ये एकाच व्यक्तीसाठी प्रत्येक संस्थेला निराळे टोकन देण्याची पद्धत आणली होती. याद्या एकमेकींना सहज जोडता येऊ नयेत म्हणून.

आता पासवर्ड टाकल्यावर 'कोणते महाविद्यालय?' असे विचारले जाते. पहिल्याच आठवड्यात बाई गाडीत बसून बोईसरची हजेरी पालघरच्या खात्यात भरू लागल्या. उमरोळी येईपर्यंत नावे शोधत होत्या. त्या यादीत ती मुलेच नव्हती.