दूरचा रस्ता दाखवणारे

घटनादुरुस्तीची घोषणा झाली आणि संसदेत तेवढं संख्याबळ नसलं, की 'ही नुसती हूल' असा शेरा आपण लगेच मारतो. कलम ३६८ची अट कडकच आहे. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश हवेत. तरीही नुसत्या संख्याबळावरून हेतू ताडणं मला पटत नाही. पंचायतींना घटनेत स्थान देणारं ६४वं दुरुस्ती विधेयक १९८९मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि ऑक्टोबरात राज्यसभेत पडलं. पुढच्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक होती. राज्यांना डावलून गावाशी थेट नातं जोडण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. वेळ पाहता तो अगदीच हवेतला नव्हता. पण तीन वर्षांनी तीच कल्पना ७३वी दुरुस्ती होऊन आली, आणि माळशिरस तालुक्यातल्या सरपंचपदांवर आज बायकांचा जो हक्क आहे, त्याचा पाया तिथेच आहे. महिला आरक्षणाचं पहिलं विधेयक १९९६चं, मंजुरी २०२३ची. 'होणारच नाही' म्हणणाऱ्यांचं त्या-त्या दिवसाचं गणित बरोबर होतं, एवढंच.

मग हेतू ओळखायचा कशावरून? माझ्या मते, हातात असलेलं सोपं काम घोषणा करणाऱ्यानं केलं का, यावरून. उदाहरणार्थ, माळशिरस परिसरात धनगर समाज मोठा आहे आणि अनुसूचित जमातीत समावेशाची त्याची मागणी जुनी आहे. राज्यात या समाजाला भटक्या जमातींच्या 'क' गटात साडेतीन टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र नाव आहे ते 'धनगड'. ही यादी बदलायला घटना बदलावी लागतच नाही. कलम ३४२(२)प्रमाणे संसदेचा साधा कायदा पुरतो. हिमाचलमधल्या हाटी समाजाचा समावेश २०२३मध्ये तसाच झाला. मागणी करणाऱ्या मेंढपाळाच्या प्रामाणिकपणावर मला तिळमात्र शंका नाही. पण त्याला कुणी 'घटना बदलून देऊ' असं सांगत असेल, तर साध्या बहुमताचं काम दोन-तृतीयांशांच्या डोंगरापलीकडे नेऊन ठेवण्याचं कारण सांगणाऱ्यानं द्यायलाच हवं.

कुणाच्या पोटात काय आहे हे कुणाला दिसतं, असा आक्षेप येईल. पोटातलं दिसत नाही, पण कागद दिसतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: साधा कायदाही सोपा नाही. केंद्राच्या कार्यपद्धतीत आधी राज्याची शिफारस लागते, मग भारताचे महानिबंधक आणि अनुसूचित जमाती आयोग यांची संमती. शिवाय आदिवासी समाजांचा विरोध आहे आणि त्यांचीही बाजू ऐकावीच लागेल. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच परीक्षा पहिल्या पायरीवरच घ्यायची. शिफारस करणं राज्य सरकारच्या हातात असतं. व्यासपीठावरून शब्द देणाऱ्याला माळशिरसच्या मतदारानं दिल्लीतलं संख्याबळ विचारण्याआधी विचारावं, राज्याची शिफारस पाठवायला तुम्ही स्वतः काय केलंत आणि कोणत्या तारखेला.