मागं सहा रांगा

हैदराबाद
३ नोव्हेंबर, रात्री

तीर्थरूप आबांस,


फोनवर तुम्ही 'पोचलीस काय?' एवढंच विचारता आणि ठेवून देता. मग आईला रात्री उशिरापर्यंत तुमचे प्रश्न: पोरगी विमानात बसून नक्की तपासते काय? आईला सांगता येत नाही, म्हणून या फेरीत प्रत्येक मुक्कामावरून पत्र लिहायचं ठरवलं आहे.

पहाटे मच्छ्याहून निघाले तेव्हा तुम्ही अंगणात उभे होता. पिरनवाडी, उद्यमबाग, तिसरं रेल्वे गेट, मग शहर ओलांडून बसवन कुडची, मुतगे आणि सांबरा. बेळगावच्या एका टोकाला आपलं घर, दुसऱ्या टोकाला विमानतळ. महायुद्धात, १९४२ साली, इंग्रजांच्या हवाई दलानं बांधलेली ही धावपट्टी. शेजारीच आपल्या हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, तिथली पोरं त्या वेळी कवायतीला निघाली होती.

माझं काम सांगते. विमानाचं इंजिन तपासणारे वेगळे, वैमानिकांना तपासणारे वेगळे. मी तपासते ती केबिन, म्हणजे प्रवासी बसतात तो भाग आणि तिथं काम करणारी माणसं. आमचं कार्यालय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लोक डीजीसीए म्हणतात. याआधी मी विमान कंपनीच्या गणवेशात दहा वर्षं चहा दिला, पाणी दिलं. तेव्हाही माझं खरं काम तेच होतं, जे आज दुसऱ्यांकडून नीट होतंय की नाही ते पाहते: काही बिघडलं तर माणसांना बाहेर काढणं.

आजचं विमान पंख्यांचं, एटीआर. ७८ आसनं आणि दोन केबिन क्रू. हा आकडा नियमातला आहे. ५० आसनांपर्यंत एक, त्यापुढं ९९ पर्यंत दोन, आणि त्यावर प्रत्येक ५० ला एक वाढवायचा. या विमानात चढायचं दार मागं असतं, आणि दाराच्याच पायऱ्या होतात. जमिनीपासून उंची कमी, म्हणून मोठ्या विमानासारखी घसरगुंडी याला लागत नाही.

प्रवासी येण्याआधी दोघी मुलींनी तपासणी केली. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का, सील शाबूत आहे का, ऑक्सिजनची बाटली भरलेली आहे का, भोंगा वाजतो का. मी मागं उभी राहून नुसती पाहत होते. पाहणं आणि हात लावून पाहणं यातला फरक मला लगेच कळतो, आबा. तुम्ही फौंड्रीत कास्टिंग हातोडीनं ठोकून, कान लावून ऐकायचा. वरून गुळगुळीत आणि आत ब्लोहोल, हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. तसंच हे.

मग निपाणीकडचे एक आजोबा आले. धोतर, टोपी, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मुलाकडं निघालेले, एकटे. त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं. ती मुलगी ईशान्येकडची, मराठीचा गंध नाही. आजोबांना हिंदी बेताचंच. तिनं त्यांचा हात धरला आणि मागच्या दारापासून एकेका आसनाच्या पाठीवर ठेवत नेला. ती म्हणाली 'एक', आजोबा म्हणाले 'एक'. ती म्हणाली 'छह', आजोबा म्हणाले 'सहा'. तिथं त्यांना बसवलं, पट्टा लावायला आणि सोडायला लावला, आणि परत विचारलं, दार किती दूर? आजोबांनी मागं हात करून सांगितलं, 'सहा'.

अंधारात, धुरात, त्या विमानात सगळ्यांत आधी दार सापडलं असतं ते त्या आजोबांना. माझ्या अहवालात मी ही गोष्ट सविस्तर लिहिली. तपासनीस चुकाच लिहितो असं लोकांना वाटतं. चांगलं केलेलंही लिहावं लागतं, नाहीतर चांगलं काय ते पुढच्या पोरींना कसं कळणार?

तुमची,
थोरली


हैदराबाद
५ नोव्हेंबर

ती. आबा,

दोन दिवस एका प्रशिक्षण केंद्रात गेले. केबिन क्रूला दर वर्षी पुन्हा इथं यावं लागतं. दार उघडून दाखवा, आग विझवून दाखवा, पाण्यात उतरून तराफ्यावर चढून दाखवा. जमलं नाही तर उड्डाण नाही.

दार उघडणं ऐकायला सोपं. पण आधी खिडकीतून बाहेर पाहायचं. बाहेर आग आहे? पाणी आहे? असेल तर ते दार उघडायचं नाही, माणसं दुसऱ्या दाराकडं वळवायची. घाईत ज्यानं न पाहता दार उघडलं, त्याला काल प्रशिक्षकांनी नापास केलं. मी मान डोलावली. उडताना आणि उतरताना खिडक्यांच्या झडपा उघड्या ठेवायला सांगतात, ते याचसाठी. बाहेर काय चाललंय ते आतल्यांना दिसलं पाहिजे, आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची किंवा अंधाराची सवय झालेली पाहिजे.

नव्या तुकडीतल्या एका मुलीचा आवाजच फुटेना. 'पट्टे सोडा! सामान सोडा! इकडं या!' एवढंच ओरडायचं होतं. घरी तिला आयुष्यभर हळू बोल म्हणून सांगितलेलं असणार. पाचव्या वेळी तिचा आवाज असा निघाला की शेजारच्या वर्गातली माणसं डोकावली. ओरडून झालं तेव्हा ती थरथरत होती. मी काही बोलले नाही, पाण्याची बाटली पुढं केली.

धुराच्या खोलीत मीही गेले. धूर नाटकातला, निरुपद्रवी. तरी चार पावलांवर दिशा हरवते. डोक्यावरून ओढायची धूर-टोपी असते, तिच्यात साधारण पंधरा मिनिटांचा प्राणवायू. ती हवाबंद पाकिटात असते. पाकिटाला चीर गेली तर टोपी निकामी. म्हणून मी ते पाकीट बोटांनी चाचपते.

या धंद्यात एक आकडा सगळ्यांच्या ओठांवर असतो: ९० सेकंद. ४४ हून जास्त आसनांचं नवं विमान बाजारात आणायचं, तर सगळी माणसं दीड मिनिटात बाहेर पडू शकतात हे आधी सिद्ध करावं लागतं. अंधार करून, आणि निम्मीच दारं वापरून. माणसं सरमिसळ हवीत, बायका हव्यात, पन्नाशी ओलांडलेले हवेत. तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या. २००६ साली जर्मनीत हॅम्बुर्गला ए-३८० या दुमजली विमानातून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली होती.

पण त्या चाचणीत कोणी वरच्या कप्प्यातून बॅग काढत नाही, आबा. खऱ्या विमानात काढतात. तिथंच सगळा हिशेब चुकतो.

आईला सांगा, कुंदा इथल्या सगळ्यांना आवडला. डबा रिकामा झाला.

तुमची,
थोरली


छत्रपती संभाजीनगर
७ नोव्हेंबर

ती. आबा,

काम दुपारी संपलं. संध्याकाळी धावपट्टी जिकडं संपते, त्या बीड रस्त्याच्या बाजूला जाऊन आले. कापूस वेचणीचे दिवस आहेत. गच्च भरलेली एक गाडी समोरून गेली आणि पोटात कालवलं.

२६ एप्रिल १९९३. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालेलं, आत ११८ माणसं. भर उन्हाळ्याची दुपार, विमान जड. उशिरा उचललं गेलं, आणि धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला चाकं धडकली. पुढं विजेच्या तारांना लागून विमान कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: वैमानिकांनी विमान उचलायला केलेला उशीर आणि चुकलेली पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं न थांबवणं. रस्त्यावर कोणीतरी दोन मिनिटं वाहनं थांबवायची होती. बस्स.

तुम्ही एकदा विचारलं होतं, एवढे नियम कुणी लिहिले? आबा, एकेका नियमामागं माणसं गेलेली आहेत. १९८३ साली एअर कॅनडाच्या विमानात शौचालयाच्या बाजूला आग लागली, सिनसिनाटीला उतरल्यावर ४६ पैकी २३ जणांना बाहेर येता आलं नाही. त्यानंतर शौचालयात धुराचे सूचक आले आणि दाराकडं नेणारे जमिनीलगतचे दिवे आले. धूर वर साचतो, छतावरचा दिवा दिसत नाही, म्हणून दिवा पायाशी.

२२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरमध्ये तर विमान जमिनीवरून उठलंही नव्हतं. धावतानाच इंजिन फुटलं, वैमानिकांनी थांबवलं, आग लागली. तिथंही ५५ गेले, त्यातले बहुतेक धुरानं. पंखावरच्या दाराशी जागा अरुंद, माणसं अडकली. तेव्हापासून त्या दाराशी मोकळी वाट जास्त ठेवावी लागते. त्या रांगेत पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत म्हणून प्रवासी कुरकुरतात. कुरकुर ऐकली की मला मँचेस्टर आठवतं.

फौंड्रीत परत आलेल्या मालातलं फुटलेलं कास्टिंग तुम्ही टेबलावर ठेवून द्यायचा, पोरांना दिसत राहावं म्हणून. आमची टेबलं ही अशी आहेत.

तुमची,
थोरली


दिल्ली
९ नोव्हेंबर

ती. आबा,

काल भांडण झालं. आईला सांगू नका.

विमान मोठं होतं, १८६ आसनांचं, चार केबिन क्रू. दाराजवळ क्रूचं घडीचं आसन असतं. माणूस उठला की ते आपोआप भिंतीला चिकटलं पाहिजे. मी ते खाली ओढलं आणि सोडलं. अर्ध्यावर येऊन थांबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा अर्ध्यावर. म्हणजे गडबडीत ते दाराच्या वाटेत आडवं राहणार. मी तंत्रज्ञाला बोलवायला लावलं. तो म्हणाला, मॅडम, हातानं ढकललं की बसतं. मी म्हटलं, धुरात ढकलणार कोण?

प्रवासी आत बसलेले. चाळीस मिनिटं उशीर झाला. एक गृहस्थ उठून माझ्यावर ओरडले, एका स्प्रिंगसाठी दीडशे माणसं ताटकळत ठेवता? त्यांची पुढची गाडी चुकणार होती, त्यांचा राग खोटा नव्हता. मी माफी मागितली, पण सही केली नाही. स्प्रिंग बदलली, आसन तीनदा सोडून पाहिलं, तिन्ही वेळा खट्‌ आवाज करून बसलं. मग सही केली.

मी सातवीत असताना तुम्ही एक अख्खा लॉट रिजेक्ट केला होता. ट्रक दारात उभा, मालक चिडलेले, घरी दोन दिवस तुम्ही जेवला नव्हता. तेव्हा मला तुमचा राग आला होता. काल रात्री विमानात बसल्यावर तो दिवस आठवला आणि तुमच्या पाया पडावंसं वाटलं. आता हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे सुटे भाग बनतात, आपल्या गल्लीतली पोरंही तिथं कामाला जातात. त्यांना हे सांगा. तुमच्या शब्दाला तिथं मान आहे.

आता महत्त्वाचं. पुढच्या महिन्यात तुम्ही आणि आई सांबऱ्याहून दिल्लीला येणार. तुमचा पहिला विमानप्रवास. तेव्हा मी तपासनीस म्हणून नाही, लेक म्हणून सांगते.

उडताना आणि उतरताना पायात चप्पल-बूट राहू द्या. पट्टा कमरेखाली, हाडावर घट्ट बांधा, पोटावर नको. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा. ती तापली किंवा फुगली तर लपवू नका, लगेच क्रूला बोलवा. ती मुलगी उभी राहून हातवारे करते तेव्हा तिच्याकडं पाहा. सूचना हिंदी-इंग्रजीत असतील, आईला कळणार नाहीत. तुम्ही तिला मराठीत सांगा. न कळलेली सूचना ही न दिलेली सूचना.

आणि आईला बजावा, काही झालं तर दागिन्यांची पिशवी घ्यायला वाकायचं नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. आतला ध्वनिक्षेपक बंद पडला, क्रूनं भोंग्यावर ओरडून सांगितलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली. ३७९ च्या ३७९ बाहेर आले. सामान आत जळलं.

बसल्याबरोबर सगळ्यांत जवळचं दार शोधा. ते पुढं असेल किंवा मागं असेल. आसनाच्या पाठीला हात लावून तिथपर्यंतच्या रांगा मोजा, आईलाही मोजायला लावा. तुम्ही दिल्लीला उतरलात की मी फोन करेन. 'पोचलात काय' असं विचारणार नाही. दार किती रांगांवर होतं, ते दोघांनी वेगवेगळं सांगा.

तुमची,
थोरली