एकशे एक नंबरी

इथल्या देसी पॉटलकमध्ये हल्ली आमच्या घरावर एक ठरलेला प्रश्न येतो. "वहिनी कॉलेजला जातात म्हणे? काय, डेटा सायन्स का?" नाही हो, हेल्थ, अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र. मग समोरचा क्षणभर थांबतो आणि समोसा घेतो.

त्याचं बरोबरच आहे म्हणा. आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला विषय, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा. आणि आरोग्य वगैरे तर पीटीच्या तासाला. इंजिनिअर झालेल्या माणसाच्या बायकोनं पस्तिशीला हे का शिकावं?

तर आधी थोडी पार्श्वभूमी. बायको नाशिकला नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती. इथे कॅलिफोर्नियात आली ती एच-४ व्हिसावर, म्हणजे कागदोपत्री 'डिपेंडंट'. २०१५ पासून काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळते, पण त्यासाठी नवरा-बायकोपैकी ज्याची नोकरी आहे त्याच्या ग्रीनकार्डचा एक टप्पा पार पडावा लागतो. आमचा तो अजून व्हायचाय. नोकरी चालत नाही, शिक्षण चालतं. मग गाठलं कम्युनिटी कॉलेज.

ही संस्था आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. वय अठरा पूर्ण असलं की प्रवेश, एन्ट्रन्स नाही, कटऑफ नाही. इथले रहिवासी ठरलात तर फी एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला. वर्गात एकोणीस वर्षांची पोरं, नाईट शिफ्ट करून आलेली नर्सिंगची मुलगी, साठीचे एक सुतारकाका आणि आमची ही. पहिल्या पायरीच्या कोर्सला अमेरिकेत सर्रास '१०१' म्हणतात. आमच्या घरात त्याचं 'एकशे एक नंबरी' झालं.

हेल्थच्या कोर्समध्ये आठवडाभर काय खाल्लं ते लिहून काढायचं होतं. तिनं माझंही लिहिलं. त्याच धड्यात होतं की बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, पण आशियाई वंशाच्या माणसांची मधुमेहाची तपासणी २३ पासूनच करा असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. माझा २४.१. वय ३४, रोज जिना चढणारा, स्वतःला फिट समजणारा. "अरे, डॉक्टरांना नुसतं विचार तरी," ती म्हणाली. विचारलं. एचबीए१सी आलं ६.०. मधुमेह ६.५ पासून, त्याच्या आधीची पायरी ५.७ पासून. म्हणजे मी पायरीच्या बरोब्बर मधे उभा. तेव्हापासून रात्रीचा भात निम्मा झाला, आणि जेवणानंतर आम्ही दोघं चालायला जातो.

चालताना इतिहास सुरू असतो. भगतसिंग थिंड हे नाव मला ठाऊक नव्हतं. पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात राहिलेला माणूस. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तो 'गोरा' नाही, सबब नागरिकत्व नाही. या निकालानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येक भारतीयांचंही काढून घेतलं. १९४६ ला कायदा बदलला, तेव्हा भारतासाठी वर्षाला कोटा किती? १०० माणसं! खरा दरवाजा उघडला १९६५ च्या कायद्यानं. आणि आज मी ज्या रांगेत उभा राहणार आहे तिचं कारण १९९० च्या कायद्यातली दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. इतकी वर्षं ही रांग मला पावसासारखी वाटायची, वरून येणारी. तिला तारीख आहे, ती कुणीतरी मतदान करून ठरवलीय, हे कळल्यावर रांग छोटी झाली नाही. पण नशिबाला शिव्या देणं थांबलं.

नागरिकशास्त्राचा गृहपाठ मात्र सगळ्यात भारी. एका सरकारी बैठकीला जाऊन या. लेकीच्या शाळेसमोरच्या चौकात गाड्या जोरात वळतात, हे सगळे आईबाप वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत होते. आता शाळा स्कूल डिस्ट्रिक्टची, पण रस्ता शहराचा, म्हणून जायचं सिटी कौन्सिलकडे, ही उकल त्या कोर्सची. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन कायदा आहे. त्याप्रमाणे नेहमीच्या बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि बैठकीत कुणालाही बोलता येतं. कुणालाही म्हणजे नागरिक नसलेल्यालासुद्धा.

ती दोन मिनिटं बोलली. हातात कागद, आवाज थोडा कापरा, पण फळ्यासमोरचाच. सकाळी आठ ते साडेआठ चौकात उभं राहून तिनं तीन दिवस गाड्या मोजल्या होत्या, ते आकडे सांगितले. विषय अजेंड्यावर नव्हता, त्यामुळे कायद्यानं कौन्सिलला तिथल्या तिथे चर्चा करता येत नाही. महापौरांनी आभार मानले, कर्मचाऱ्यांना टिपून घ्यायला सांगितलं, पुढचं नाव पुकारलं. बस्स.

लुकलुकणारा दिवा अजून लागलेला नाही. लागेल की नाही, माहीत नाही. आम्हाला मत नाही, आणि ते कधी मिळेल याचा हिशोब मी एक्सेलमध्येही मांडत नाही. पण मत सोडून बाकी कितीतरी दारं उघडी असतात आणि ती कुठे आहेत हे कुणी आपणहून सांगत नाही. ते सांगणारे हे पहिल्या पायरीचे, 'फालतू' विषय. कोडिंग शिकून नोकरी मिळते हे खरंच. यातून मिळतं ते वेगळं. जिथे राहतो तिथे पाहुण्यासारखं अंग चोरून न बसण्याचं धैर्य.

असो. पुढच्या टर्मची नोंदणी सोमवारी उघडतेय. राज्य आणि स्थानिक शासन, बुधवार संध्याकाळ, तीन युनिट. या वेळी दोन नावं घालायचीत, तिचं आणि माझं.