लाली विरताना

नवरात्राच्या निमंत्रणपत्रिकेवर, राणीसावरगावच्या रेणुकामातेच्या नावामागे, कुंकवाचा लाल रंग विरत विरत पांढऱ्या कागदात नाहीसा व्हावा, एवढीच आज्ञा मी यंत्राला दिली होती. एका टोकाला लाल निर्दोष होता, दुसऱ्या टोकाला कागद स्वच्छ होता आणि मधल्या पट्ट्यावर मात्र, कोणी राखेचे बोट फिरवावे तशी, मळकट झाक आली होती. दोन्ही टोके बरोबर असताना मध्यच तेवढा बिघडावा, याने मी अस्वस्थ झालो आणि रंगांचे ते ग्रेडियंट आखून देणाऱ्या लायब्ररीचा कोड उघडून बसलो.

पारदर्शक म्हणून यंत्राच्या दप्तरी ज्याची नोंद असते, तो रंग वस्तुतः काळा होय. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रकान्यांत शून्य आणि अपारदर्शकतेच्या चौथ्या रकान्यातही शून्य. या चौथ्या शून्यामुळे तो काळा कधी दृष्टीस पडत नाही. परंतु दोन टोकांची सरासरी काढताना चारही रकाने सुटे सुटे धरले, की तो गुपचूप आपला वाटा वसूल करतो. मध्यावर लाल २५५ वरून १२८ वर उतरतो, त्याची अपारदर्शकताही निम्मी होते, आणि कागदावर जिथे २५५, १२८, १२८ अशी नितळ गुलाबी छटा यावयाची, तिथे १९२, १२८, १२८ अशी कळाहीन छटा उमटते.

यावरून आठवले, आमच्या जुन्या वाड्याच्या बैठकीत रविवर्म्याच्या लक्ष्मीचे छापील चित्र होते. काचेवर चुलीच्या धुराचा थर बसलेला असे आणि दसऱ्याला ती पुसण्याचे काम मुलांकडे येई. पोथी वाचण्याचे भिंग घेऊन एकदा मी देवीच्या गालाजवळ डोळा नेला, तो गालावरची लाली एकाएकी नाहीशी होऊन तिच्या जागी लाल ठिपक्यांचा थवा दिसू लागला. लाली गडद तिथे ठिपके दाट, लाली विरते तिथे विरळ, मात्र प्रत्येक ठिपका सारखाच लाल. पुढे कळले, की रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. बव्हेरियात झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली शिळाछापाची विद्या तिथे जर्मन कारागिरांच्या देखरेखीखाली चाले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा, आणि तीवर तेलकट शाईने हाताने टिंबे देत बसलेला कारागीर. या चित्रांना बाजारी म्हणून नाक मुरडणारे रसिक मला पुष्कळ भेटले आहेत, पण त्यांचा निवाडा मला मान्य नाही. मूळ तैलचित्र राजवाड्यात राहिले, आणि आमच्यासारख्यांच्या भिंतीवर, मोगलाईतल्या आडगावीसुद्धा, आली ती ही टिंबांची लक्ष्मी. तिच्या गालावरील तो उतार साधणाऱ्या अनामिक हाताला मी थोर कलावंतांच्या पंक्तीत बसवीन. त्याच्या शिळेवर ‘काही नाही’ या स्थितीला स्वतःचा रंग नव्हता. जिथे टिंब नाही तिथे कागद होता, बस्स. अदृश्य काळ्याने लालीत भेसळ करावी, अशी सोयच तिथे नव्हती.

हीच गोष्ट पोर्टर आणि डफ या दोघा संगणकतज्ज्ञांनी १९८४ च्या आपल्या निबंधात गणिताच्या भाषेत मांडली. रंगाला त्याच्या अपारदर्शकतेने आधी गुणावे आणि मग सरासरी काढावी. म्हणजे शून्य वजनाच्या रंगाचा वाटाही शून्यच होतो. दुरुस्ती म्हणाल तर क्रियांचा क्रम तेवढा पालटण्याची. तरीही लायब्ररीतली जुनी रीत मी मोडीत काढली नाही. वेबपानांच्या सजावटीचे प्रमाण गुणिलेल्या रंगांची सरासरी सांगते, तर रेखाचित्रांचे जुने एसव्हीजी प्रमाण न गुणिलेल्यांची. आणि त्या जुन्या रीतीशी जुळवून ज्यांनी आपली चित्रे सिद्ध केली, त्यांच्या कामात परस्पर फेरफार करणे मला गैर वाटते. नव्या रीतीची स्वतंत्र तजवीज केली, आणि पत्रिकेवरचा लाल निवळला.

आता किनारीसाठी हळदीचा पिवळा निळ्यात उतरवावयाचा आहे. तिथे दोन्ही रंग पूर्ण अपारदर्शक असल्याने या दुरुस्तीचा काडीचाही उपयोग नाही. पिवळा २५५, २५५, ० आणि निळा ०, ०, २५५ यांचा मध्य कितीही प्रामाणिकपणे काढला तरी तो राखाडीच निघतो. मळवलीच्या कारागिराने पिवळ्या शाईवर निळ्याची टिंबे दिली असती, तर तिथे हिरवा उमटला असता. मला तो हिरवाच हवा आहे, म्हणून मधला रंग मी यंत्रावर न सोपविता स्वतः निवडून देणार आहे.